दोन्ही बाजूंनी अर्धा इंच

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी सुट्टी होती आणि ती माझा कोट शिवत बसली होती. जेवणाच्या टेबलावर गडद निळं लोकरी कापड पसरलेलं. टेबल पुरलं नव्हतं म्हणून पाठीचा भाग खुर्चीवर टाकलेला. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. दार उघडंच असायचं, त्यामुळे शेजारच्या मावशी नेहमीसारख्या न विचारता आत आल्या. नेलेलं भांडं परत द्यायचं निमित्त होतं. त्या टेबलापाशी थांबल्या असणार, कारण त्यांचं बोलणं मध्येच थांबलं, आणि मावशींचं बोलणं सहसा थांबत नाही. मग म्हणाल्या, "अगं, हा काय तंबू शिवायला घेतलास? दोन माणसं मावतील की यात." आई हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं, ती दुकानात वापरायची ते. "आहे एक गिऱ्हाईक," ती म्हणाली. "कापड किती लागलं?" "विचारू नका." "बिचारी. बसमध्ये तरी मावते का?" यावर मशीन सुरू झालं, आणि मशीन सुरू झालं की मावशी जातात. मी हातातला बटाटा सोलत राहिले. शेवटी तो लिंबाएवढा उरला. मग आईने हाक मारली, "ये गं, खांदा बघून घेऊ." मी गेले. माझ्या खांद्यापर्यंत पोचायला तिला स्टूल लागायचं. ती स्टुलावर चढली, बाह्या न लावलेला कोट माझ्या अंगात घातला, ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक काढून लावत गेली. मी वाट बघत होते. टाचण्या संपल्या, तोंड मोकळं झालं, तरी ती मावशींबद्दल काही बोलली नाही. "बसतोय ना?" तिने विचारलं. पाठीवर कापड ओढलं जात होतं, हात पुढे घेतला तर शिवण उसवेल असं वाटत होतं. "बसतोय," मी म्हणाले. "भाजीत मीठ कमी घाल," ती म्हणाली आणि स्टुलावरून उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला ती दुकानात मशीनवरच कलंडली. सुईखाली कुणाच्यातरी पँटची खालची पट्टी अर्धी शिवून अडकलेली होती.

शहरातल्या मोठ्या कापड दुकानात, मागच्या खोलीत, ती फिटिंगचं काम करायची. पुढे काचेच्या दारातून कपडे विकले जायचे, मागे ती ते माणसांच्या अंगाला आणून बसवायची. कुठे आत घ्यायचं, कुठे सोडायचं, कुठे गुडघ्याखालून बोटभर कापायचं. एकतीस वर्षं. लोक तिला फिटिंगवाल्या बाई म्हणत. नुसतं बघून ती माणसाचं माप सांगायची. टेप आपली गळ्यात असायची. धाकटीला ती दुपारच्या सुट्टीत पुढच्या दाराने बोलवायची, काउंटरवरच्या बायकांना दाखवायची. "ही माझी. साचा माझाच, बघा." नवीन आलेला ड्रेस तिच्या अंगाला लावून बघायची. धाकटी चिमणी होती, घरात तिला नावच ते पडलं होतं, आणि तिच्या पुढ्यात उभी राहिले की मी कपाट. हे नाव चिमणीनेच ठेवलेलं. "कपाट आलं, सरका," ती म्हणायची, आणि सगळे हसायचे, मीही हसायचे, कारण कपाट हसलं की लोकांना बरं वाटतं. मला आई दुकान बंद झाल्यावर, मागच्या गल्लीतल्या दाराने यायला सांगायची. "गर्दी नसते गं तेव्हा. निवांत बघता येतं." मी ते खरं मानलं. पंधराव्या वर्षी माणूस असलं काही खरं मानायला तयारच असतं, पुढे सवयीने मानत राहतं. एकदा गल्ली खोदून ठेवली होती म्हणून मी पुढच्या बाजूने गेले. काचेतून आई दिसत होती, चिमणी दिसत होती, काउंटरवरच्या दोघी दिसत होत्या. चिमणीने मला बघितलं. ती बारा वर्षांची होती. ती धावत बाहेर आली, माझं कोपर धरलं आणि म्हणाली, "चल ताई, आइस्क्रीम खाऊ." तिने मला कोपऱ्यापर्यंत जवळजवळ ओढत नेलं. स्वतःच्या खाऊच्या पैशातून तिने कुणाला काही घेऊन दिल्याचं मला त्याआधी आठवत नाही, त्यानंतरही नाही. आइस्क्रीम चांगलं होतं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि आम्ही दोघी चाटत घरी आलो.

माझी उंची सहा फुटांना दोन बोटं कमी आहे. अंग बाबांच्या घरचं: रुंद खांदे, जाड मनगटं, भरलेले दंड, पोट, मांड्या. बाबा माझ्या नवव्या वर्षी गेले. जाताना आपली हाडं हिच्याकडे ठेवून गेले, असं आई म्हणायची. भाडेकरू सामान मागे टाकून गेल्यावर घरमालकीण बोलते त्या सुरात. उंच बाईचे कपडे शिवणाऱ्यांना वाटतं उंच बाई काठीसारखी असणार, आणि जाड बाईचे कपडे शिवणाऱ्यांना वाटतं ती बुटकी असणार. एकाच अंगात दोन्ही असू शकतं हे त्यांच्या कागदी साच्यांना ठाऊक नाही. छाती बसली तर बाही मनगटाच्या चार बोटं वर थांबते. घेर बसला तर कंबरेची शिवण छातीखाली येते आणि मी पोटुशी दिसते. बसमध्ये दोनदा लोकांनी उठून मला जागा दिली. मी बसलेही, कारण खरं सांगायला जास्त बोलावं लागलं असतं. पँट कमरेत आली तर घोटे उघडे, घोट्यांपर्यंत आली तर ती पुरुषांची, आणि मग मांड्या अडतात. मोठ्या मापाचा विभाग हरेक दुकानात जिन्याखाली किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर असतो. तिथल्या कपड्यांवर भोपळ्याएवढी फुलं छापलेली असतात, अंग मोठं तर फुलंही मोठी असा काहीतरी हिशेब असावा. "ताणतं हो ते, घालून तर बघा." "तुमच्यासाठी का? मला वाटलं मिस्टरांना बघताय." "धुतल्यावर सैल होतं मॅडम." मी कपडा घेऊन ट्रायल रूममध्ये शिरते, तिथला पडदा एका कडेला ओढला की दुसऱ्या कडेला फट पडते. आरशात माझं डोकं मावत नाही, त्यामुळे कपडे घालून बघताना मी नेहमी मानेपर्यंतच असते. एकदा एका ड्रेसमध्ये मी अडकले होते. दोन्ही हात वर, कापड डोक्यावर, शिवण काखेत रुतलेली, आणि बाहेरून दुकानातली बाई विचारत होती, "झाला का?" मी त्या कापडाच्या आत, काळोखात, गरम श्वास घेत उभी राहिले आणि म्हणाले, "होतोय." शेवटी बाहेर येऊन म्हणायचं ते ठरलेलं असतं. मला होत नाही. माफ करा, मला होत नाही.

मी काही विसरत नाही. ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात मी बावीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवते, आणि त्या कामात विसरून चालत नाही: कुठलं पान कुठून निखळलं, कुठला दोरा कुणी चुकीचा घातला. ज्या बाईने पडद्याच्या फटीतून आत बघून मैत्रिणीला खूण केली तिच्या कानातले डूल मला आठवतात. जिने माझ्या हातातला ड्रेस काढून घेत "हा एकच राहिलाय, उसवला तर" असं म्हणून वाक्य तिथेच सोडलं, तिच्या नखांचा रंग आठवतो. या सगळ्यांसाठी मी डोक्यात एक दुकान थाटलं आहे. दुकान माझ्या मापापासून सुरू होतं. सगळं पुढच्या काचेत, उजेडात. नखांची, डुलांची, सगळ्या येतात, इकडे तिकडे बघतात. मी काउंटरमागून उठत नाही. "तुमच्यासाठी का? तुमच्या मापाचं आपण ठेवत नाही. वरच्या मजल्यावर लहान मुलांचं आहे, तिथे बघा हवं तर. दोन शिवून घ्या एकाला एक." एखादी फारच गयावया करू लागली तर मी तिला काहीतरी काढून देते, तिच्या गुडघ्याखाली येणारं, खांद्यावरून घसरणारं, आणि म्हणते, "धुतल्यावर आटेल." पुस्तकाला डिंक लावून दाबाखाली ठेवलं की तासभर हाताला काम नसतं. तो तास मी त्या दुकानात असते. साहेब मला म्हणतात, तुम्ही किती शांतपणे काम करता.

आईला निरोप द्यायच्या सकाळी मला घालायला काही नव्हतं. माझे बरे कपडे तिनेच शिवलेले, पण रंगीत. तिला वाटायचं काळा रंग घातला की मी आणखी उंच दिसते. नऊला मी एका दुकानासमोर ते उघडायची वाट बघत उभी होते. आई घरी पडली होती आणि मी फुटपाथवर, शटरसमोर. पुरुषांचा राखाडी शर्ट मिळाला, दंडात घट्ट. परत आले तर चिमणी आईचा राखाडी ड्रेस घालून दारात उभी. पहाटेच्या गाडीने आली होती, घाईत काही आणलं नव्हतं. तिच्या अंगावर तो असा बसला होता की मावशी "अगं माझे बाई" म्हणत तिच्या गळ्यात पडल्या. मग येणारा जो तो तिलाच बिलगत होता. अगदी आई. तीच चण, तेच खांदे. मी एका बाजूला भिंतीशी उभी होते, लोक माझ्याजवळ येत, वर बघत, माझा हात हातात घेत आणि सोडत. दुकानातल्या काउंटरवरच्या दोघी आल्या होत्या. त्यातली एक डोळे पुसत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही बाईंच्या कोण?" एकतीस वर्षं तिने आईबरोबर डबा खाल्ला होता. मी म्हणाले, "शेजारी राहते." आईने एवढी वर्षं जपलेलं मी एका सकाळीत कशाला मोडू? चिमणी हातभर अंतरावर उभी होती. तिने ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग रुमाल काढून नाक पुसलं.

चौथ्या दिवशी ती आईच्या कपाटासमोर उभी राहून टोस्ट खात होती. राखाडी ड्रेस धुऊन तिनेच परत आत टांगला होता. हँगर सरकवत सरकवत, तोंडात घास असतानाच, ती म्हणाली, "कपडे मीच नेते ना गं? तुझ्या काय उपयोगाचे?" त्यात वाईट काही नव्हतं. खरंच माझ्या उपयोगाचे नव्हते. आईचं काहीही माझ्या अंगाला कधी झालं नाही. लहानपणी मुली आईचे सँडल घालून घरभर फिरतात, मी सातव्या वर्षीच तिच्या सँडलमध्ये मावेनाशी झाले. "ने की," मी म्हणाले. "आत्ता नाही नेत, एवढे कशात नेऊ. पुढच्या महिन्यात मोठी बॅग घेऊन येते." टोस्टचे कण आईच्या स्वेटरवर पडले होते, ते तिने झटकले. त्या दिवशी तिला गाडीत बसवून मी परत आले, निळा कोट टाचण्यांसकट गुंडाळला आणि दुसऱ्या सकाळी कामावर नेला. नकाशांचं एक जाडजूड पुस्तक पाठ फाटून माझ्याकडे आलं होतं. कोटाची पाठ त्याच्या पाठीला बरोबर पुरली. बाकीचं कापड दाबयंत्राच्या फळीवर अंथरायला झालं. साहेब म्हणाले, कापड भारीतलं दिसतंय, कुठून आणलंत? मी म्हणाले, एका गिऱ्हाइकाचं होतं.

मग मी आईचे कपडे बाहेर काढले. तेवीस होते: ड्रेस, ब्लाउज, स्कर्ट, दोन जाकिटं. तेव्हा मनात काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, नुसतं बघायचं होतं असं म्हणता येईल. राखाडी ड्रेस उलटा केला आणि सवयीने आधी शिवण बघितली. बाजूच्या शिवणीला समांतर, आत, सुईच्या बारीक भोकांची एक रांग होती. दोरा काढलेला, भोकं राहिलेली. तिच्यापासून थोड्या अंतरावर दुसरी. हलणाऱ्या बोटाखाली ती लागत होती, जुन्या पानावर आतून उमटलेल्या टाइपासारखी. दुसरा ड्रेस बघितला. तिथेही. एका जाकिटाला तीन रांगा होत्या. माझ्या कामात असं दिसलं की कळतं, हे पुस्तक किती वेळा उसवून शिवलंय. आईचं अंग वाढलं होतं. दर पाच-सात वर्षांनी थोडं, आणि दर वेळी तिने उसवून थोडं सोडलं होतं. ज्या निवांत वेळी ती मला मागच्या दाराने बोलवायची, त्याच निवांत वेळी केलं असणार, दुकान बंद झाल्यावर. "लग्नात होतं तेच माप आहे माझं," हे मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं. आरशासमोर, चिमणीच्या शेजारी उभं राहून, माझ्याकडे आरशातूनच बघत. स्वतःच्या कपड्यांत तिने दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया, शिवणीच्या आतलं जादा कापड, ठेवली होती. माझ्या एकाही कपड्याच्या आत ती नव्हती; कडेकडेने शिवलेले. "तुला कापडच एवढं लागतं, आत सोडू कुठून?" तिलाही काहीतरी लपवायचं होतं हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. पुस्तकांत होतो. पुस्तकांतल्या मुली असा ड्रेस छातीशी धरून खुर्चीत बसतात. माझा राग वाढला. तिला माहीत होतं, म्हणजे. कापड लहान पडतं तेव्हा आतल्या आत काय होतं ते तिला आतून माहीत होतं, आणि तरी ती स्टुलावर उभी राहून मला विचारायची, बसतोय ना.

फाटकं पुस्तक शिवताना नवी भोकं पाडायची नाहीत, जुन्याच भोकांतून दोरा न्यायचा, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी तेच केलं. आईची शेवटची टीप उसवली आणि तिच्या आधीच्या रांगेतून, भोकाला भोक धरून, हाताने नवी टीप घातली. दोन्ही बाजूंनी अर्धा इंच. ऐकायला काही नाही, पण पुढचा पदर, मागचा पदर, दोन्ही बाजू मिळून घेरात दोन इंच जातात. दोरा तिच्याच डब्यातला, रंगाला रंग. उसवलेल्या टिपेची खूण ओला फडका ठेवून इस्त्रीने बसवली. बाह्यांची शिवण दंडाशी थोडी आत घेतली, कारण दंडात रुतलेलं कापड सगळ्यात लवकर रडवतं. संध्याकाळी कामावरून आले की एक, सुट्टीच्या दिवशी दोन. मावशी एकदा डोकावल्या, म्हणाल्या, "आईचं शिवण हातात घेतलंस, बरं केलंस. मन रमतं." मी म्हणाले, "हो, रमतं." खोटं नव्हतं. आई गेल्यापासून मला पहिल्यांदा भूक लागत होती, झोप लागत होती. मी स्वतःला समजावत होते की यात मी काही वाकडं करत नाही. ती म्हणायची ते माप मी तिच्या कपड्यांना परत देतेय. आणि चिमणी म्हणते की तिचं माप आईचं आहे. दोघींचं बोलणं मी खरं करतेय, एवढंच.

ती दुपारी आली. बॅग एवढी मोठी की दारातून आडवी करून घ्यावी लागली. चहा झाला, मुलांचं सांगून झालं, गाडीत शेजारी कोण बसलं होतं ते झालं. मग ती कपाटाकडे गेली. "आधी राखाडी," ती म्हणाली, आणि तिथेच कपडे उतरवून ड्रेस डोक्यावरून घेतला. लहानपणी एका खोलीत झोपायचो, तिला माझी लाज नाही. "चेन लाव गं मागून."

मी चेन वर ओढली. ती पाठीच्या मध्यावर थांबली.

"लागली?"

"नाही."

"थांब, श्वास सोडते. आता ओढ." मी ओढली. कापडाच्या दोन्ही कडांच्या मध्ये तिची पाठ पांढरी दिसत होती, ब्रेसियरच्या पट्ट्याखाली मांसाची छोटी वळकटी. ती मी आधी कधी बघितली नव्हती. "अगं, महिन्यापूर्वी झाला होता की. सगळ्यांसमोर घातला होता मी."

"हो. झाला होता."

"हे बघ, मी नुसती खातेय," ती म्हणाली. "रडू आलं की उठते आणि डबे उघडते. बिस्किटं, ब्रेड, पोरांच्या ताटातलं उरलेलं. हे म्हणतात, पोरं उपाशी राहायची. दुसरा दे."

दुसरा दंडातच अडला. तिसऱ्याची बटणं पोटावर भेटली नाहीत. ती दोन्ही कडा धरून ओढत होती, आणि त्या बोटभर अंतरावर येऊन परत दूर जात होत्या. चौथा स्कर्ट होता, तो मांड्यांवर थांबला. पलंगावर कपड्यांचा ढीग होत गेला. ती आरशात आधी समोरून बघत होती, मग बाजूला वळून, मग पोट आत ओढून, मग सोडून. पोटाची वळी दोन बोटांत पकडून तिने ती मोजल्यासारखी धरली. ते सगळं मला पाठ होतं. कुठल्या क्रमाने हात कुठे जातात, मान कधी खाली जाते, कुठल्या क्षणी माणूस आरशातलं तोंड बघायचं सोडून देतं. मी पलंगाच्या कडेवर बसून बघत होते. मला बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. उन्हात बसल्यावर पाठीला वाटतं तसं, हळूहळू, सगळीकडे.

"झालं," ती म्हणाली आणि हसली. "कपाटाची बहीण कपाट. आता तू चिमणी हो."

मी हसले नाही. ती थोडा वेळ हसत राहिली, एकटीच, मग थांबली. पाचवा घातलाच नाही तिने. तो हातात धरून, बाहीची कड अंगठ्याने चोळत, परकर आणि ब्रेसियरमध्ये उभी राहिली.

"मी काय करते, सगळे नेते," ती म्हणाली. "संध्याकाळचं जेवण बंद करते. दोन महिन्यांत होतील. दर आठवड्याला एक घालून बघेन. आईचे कपडे आहेत, झालेच पाहिजेत." ती घड्या घालू लागली, आईसारख्या, बाह्या मागे. तिला एकदाही वाटलं नाही की कपडा उलटा करून बघावा. बारा वर्षांची असल्यापासून आईच्या मशीनशेजारी वाढलेली बाई, शिवण ओळखणारी. पण एकदा कपडा झाला नाही की माणूस कपड्याकडे बघतच नाही, स्वतःकडे बघतं. मीही कधी बघितलं नव्हतं. मी काही बोलले नसते तर ती हे सगळं बॅगेत भरून घेऊन गेली असती. तिच्या घरी, तिच्या आरशासमोर, दर आठवड्याला एक. मला तिथे असायचीही गरज नव्हती. मी एवढं नीट शिवलं होतं की ते वर्षानुवर्षं चाललं असतं.

"एक बरं झालं," ती घडीवरून हात फिरवत म्हणाली. "आईने हे बघितलं नाही. तिला माझी लाज वाटली असती."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरं कुणीतरी त्याला ये, ये म्हणत होतं. मी ऐकत राहिले. गाडी थांबली. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर सुई धरली होती ती माझ्यासमोर उभी होती, पूर्ण, परकरात, आणि मला तिच्यातलं काहीच कमी करावंसं वाटत नव्हतं. पण हे वाक्य तिने उचलून घेतलं होतं. हे वाक्य तिचं नव्हतं. माझ्याकडे आईचं असं दुसरं काही नव्हतं, तेवढं एकच माझ्या मापाचं होतं, आणि तेही ती घडी घालून नेत होती.

"तुझं काही वाढलेलं नाही," मी म्हणाले. "कपडे मी आत घेतलेत."

तिला कळलं नाही. "काय?"

"सगळे. तेवीसच्या तेवीस. दोन्ही बाजूंनी अर्धा इंच."

तिने हातातला ब्लाउज उलटा केला. खिडकीजवळ नेला, शिवण नखाने उलगडून बघितली, मग दुसरी बाजू बघितली. टिपेवरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं. मग तोच ब्लाउज तिने छातीशी धरून अंग झाकलं, मी कुणी परकी असल्यासारखं. तिच्या गळ्याशी लाल चट्टे उठले होते, आईला उठायचे तसे.

"हाताने टीप घातलीस," ती म्हणाली.

"हो."

"महिनाभर."

"हो."

"का गं ताई?" तिचा आवाज लहान झाला होता. "कपडे हवे होते तर सांगायचंस. राग होता तर भांडायचंस. असं काय करतात का कुणी? का?"

मी उठले. उभी राहिले की मी तिला नेहमी वरून बघते, म्हणून बोलताना मी सहसा बसते किंवा पाठीला पोक काढते. या वेळी तशीच सरळ उभी राहिले. आवाज चढवला नाही. आजवर हे मी मनातसुद्धा वाक्य करून म्हटलं नव्हतं.

"तिला माझी लाज वाटायची," मी म्हणाले. "आणि तुला ते माहीत होतं."